सिमेंटचं इंजिन

सोमवार, २७ ऑक्टोबर

आज सकाळी अकरा वाजता मी फोनवर एका शब्दाचं खोटं बोलले. आता त्या शब्दाला इंजिन बसवायचं आहे.

फोन देवेशचा होता. युद्धावरची एक नवीन वेब सिरीज येतेय, तिच्यासाठी गाड्या आणि सामान जमवायचं काम त्याच्याकडे आहे. त्याला मिलिटरीचा जुना ट्रक हवाय, तीन महिन्यांसाठी. म्हणाला, "गंधाली, एकच सांग. गाडी चालते ना? स्वतःच्या इंजिनावर? आमच्या डायरेक्टरला सगळं खरं लागतं यार. आवाजसुद्धा जागेवरच घेणार." मी म्हटलं, "चालते."

आमच्या शक्तिमान ट्रकला इंजिन नाही. म्हणजे बिघडलेलं वगैरे नाही, नाहीच. बॉनेटखाली सिमेंटचा ठोकळा आहे. इंजिन काढलं की गाडीचं नाक वर उठतं आणि कॅमेऱ्यात ते लगेच कळतं, म्हणून बाबांनी साधारण तेवढ्याच वजनाचा ठोकळा ओतून घेतला. गेली सोळा वर्षं हा ट्रक असाच पडद्यावर झळकतोय. सपाट जागा बघायची, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशी पंधरा माणसं मागे लावून ढकलायचा, मागे कपड्यांच्या दुकानातले पुतळे टोप्या घालून बसवायचे, थोडा धूर सोडायचा आणि इंजिनाचा आवाज नंतर स्टुडिओत भरायचा. ह्या हिशोबाने आमच्या ट्रकने तीन युद्धं जिंकली आहेत.

देवेशचा पहिलाच सीन असा: ट्रक चढ चढतोय, मागे चौदा जवान, सगळे खरे. चढावर ढकलून दाखवा म्हणावं.

शूटिंग २४ नोव्हेंबरला आहे. वाट लागली.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

बाबांना सांगणं भागच होतं. ट्रक त्यांचा.

बाबा गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर लालबागच्या त्यांच्या दोस्तांपैकी कोणी वॉचमन झाले, कोणी गावाला मालवणात निघून गेले, बाबांनी मात्र लिलावातून हा ट्रक घेतला आणि शूटिंगला गाड्या पुरवायला लागले. बोरिवली पूर्वेला पत्र्याचं कुंपण घातलेली आमची जागा आहे, तिला आम्ही यार्ड म्हणतो. फेब्रुवारीत बाबा तिथेच घसरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि आता काठी घेऊन कांदिवलीच्या घरात हॉल ते गॅलरी एवढंच त्यांचं जग. धंदा बंद करायचं त्यांनी तेव्हाच ठरवलं. दोन्ही जीप गेल्या, अ‍ॅम्बॅसडर गेली, अ‍ॅम्ब्युलन्स गेली. उरला ट्रक. तो कापायला भंगारवाला एक डिसेंबरला येणार आहे.

पवईची नोकरी सोडून मी धंदा बघते म्हटलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "बघ, तुला वाटेल तसं." कायम हेच वाक्य. मी उद्या हत्ती पाळते म्हटलं तरी हेच म्हणतील.

पण इंजिनाचं ऐकल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. "मागे माणसं बसणार?"

"चौदा."

"मग नको."

मी समजावलं. तीन महिन्यांचं काम आहे, ह्या कामावर यार्ड टिकेल, पुढची कामं मी आणते. बाबा म्हणाले, "चोवीस तारखेला चढ चढली गाडी तर धंदा तुझा. नाही चढली तर एक तारखेला कापली. पण आधी ब्रेक. इंजिन नंतर."

मी इंजिनाचं बोलतेय, हे ब्रेकचं बोलतायत. देवा.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

मेकॅनिक सापडला! चंद्रप्रकाश सावंत, मूळचे साताऱ्याचे, सैन्याच्या वर्कशॉपमध्ये चोवीस वर्षं गाड्याच दुरुस्त केल्या, हवालदार म्हणून रिटायर झाले आणि राहतात आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. आई ज्या भिशीत जाते त्यात त्यांच्या मिसेस आहेत.

सावंतकाका यार्डात आले, ट्रकभोवती एक पूर्ण फेरी मारली, बॉनेट उघडलं आणि आत बघत उभे राहिले. मग ठोकळ्यावर टकटक करून म्हणाले, "पोरी, चोवीस वर्षांत असं इंजिन बघितलं नाही. ऑइल बदलायला नको, पाणी बघायला नको, कधी गरम व्हायचं नाही."

त्यांच्या अटी: सकाळी सात म्हणजे सात. काम चालू असताना चहा नाही. आणि ते 'झालं' म्हणत नाहीत तोपर्यंत झालं नाही. मी तिन्हीला हो म्हटलं. सातला उठायचेच माझे वांधे असतात, पण हो म्हटलं.

रविवार, २ नोव्हेंबर

ठोकळा फोडला. ब्रेकर मशीन घेऊन दोन माणसं आली, दुपारपर्यंत धुळीने सगळे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. ठोकळ्याच्या वरच्या बाजूला खिळ्याने कोरलेलं होतं: २९ मार्च २००९, खाली 'म. तळगावकर'. बाबांचं अक्षर.

तारीख बघून डोकंच फिरलं माझं. त्या महिन्यात मी घरी प्लास्टरमध्ये होते. तेरा वर्षांची. आई मला उचलून बाथरूमला न्यायची, पाडव्याची श्रीखंड-पुरी मी पलंगावर बसून खाल्ली, आणि बाबा दिवसचे दिवस घरी नसायचे. विचारलं की आई म्हणायची, यार्डात आहेत. म्हणजे पोरगी पाय मोडून पडलीय आणि हे इथे सिमेंट कालवत होते. वर सही ठोकलीय!

पायाची गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही, इथे लिहून टाकते. तेव्हा ट्रकला इंजिन होतं. शूटिंग दिंडोशीच्या बाजूला एका टेकडीवर, शनिवार होता म्हणून बाबांनी मलाही नेलेलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली मांडवात. मी ड्रायव्हरच्या सीटवर चढून गाडी चालवत बसले, तोंडाने आवाज काढत. हँडब्रेकचा दांडा होता केवढा तरी मोठा. तो ओढला, दाबला, आणि गाडी निघाली की हो खरीच! मी उडी मारली, पाय मोडला, ट्रक खाली मातीच्या ढिगाऱ्यात जाऊन थांबला. बाबा धावत आले तेव्हा मी सांगितलं, मी बाजूला उभी होते, गाडी आपोआप सुटली आणि मला धडकली. मोडलेल्या पायावर मार कोण खाईल?

कोणाला काही कळलं नाही. पाय जुळला, विषय संपला.

बुधवार, ५ नोव्हेंबर

कुर्ल्याला इंजिन शोधायला गेले. जुन्या ट्रकांची इंजिनं विकणाऱ्यांची तिथे रांगच आहे. आमच्या ट्रकचं मूळ इंजिन कोणाकडेच नाही, पण सावंतकाकांनी आधीच सांगितलं होतं की दुसऱ्या ट्रकचं सहा सिलिंडरचं चालेल, बसवायला थोडी मारामारी होईल. राजेश म्हणून एका दुकानदाराकडे मिळालं. भला माणूस. समोर सुरू करून दाखवलं.

मी तळगावकर म्हटल्यावर तो म्हणाला, "मधुकररावांची मुलगी? अरे, त्यांच्या ट्रकचं इंजिन मीच उचललेलं. पुढे वसईला एका खडी मशीनला लावलं. चिक्कार चाललं ते."

"चाललं? ते तर जाम झालेलं ना?"

"जाम? पहिल्या झटक्यात सुरू व्हायचं. मी बोललो पण त्यांना, का काढताय असं झकास इंजिन? तर म्हणे, तू उचल लवकर."

आमच्या घरात सोळा वर्षं हेच ऐकतोय की इंजिन जाम झालं म्हणून काढलं. तर बाबा खोटं बोलले! मला तर हसूच आलं. घरात ही कला माझ्या एकटीकडे नाही म्हणायची. पण का, ते कळेना. चांगलं चालणारं इंजिन कोण काढतं?

सोमवार, १० नोव्हेंबर

सगळं चुकतंय.

इंजिन आलं, पण ते गिअरबॉक्सला जुळत नाही. दोघांच्या मध्ये जाड लोखंडी चकती बसवावी लागते, भोकं अशी पाडायची की एका बाजूला इंजिनाचे बोल्ट जुळतील आणि दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सचे. सावंतकाकांनी दिवाळीच्या मिठाईच्या मोठ्या बॉक्सचा पुठ्ठा कापून माप काढलं. मी तो पुठ्ठा घेऊन अंधेरीच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडे गेले, दोन दिवस थांबले, चकती घेऊन आले. आज लावून बघतो तर सगळी भोकं उलट्या बाजूला. आरशात बघावं तशी.

"पुठ्ठा उलटा दिला कोणी?" सावंतकाकांनी विचारलं.

"लेथवाल्यानेच उलटा धरला असेल," मी म्हटलं.

"एका बाजूला मिठाईवाल्याचं नाव छापलंय. नाव खाली ठेवायचं, हे मी तुला दोनदा सांगितलं होतं. त्याला सांगितलंस?"

सांगितलं नव्हतं. विसरले. आणि तरीही तोंडातून पहिलं काय निघालं, तर दुसऱ्याचं नाव. सावंतकाकांनी नुसती चकती उचलून बाजूला ठेवली. त्यापेक्षा ओरडले असते तर परवडलं असतं.

चौदा दिवस राहिलेत. नवी चकती गुरुवारी मिळेल. आज पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याच्याने होणार नाही, पवईला फोन करून जुनी जागा रिकामी आहे का विचारावं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

नवी चकती बरोबर आली. ह्या वेळी पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंना मार्करने लिहून दिलं होतं आणि लेथवाल्याकडून वाचून घेतलं.

घरी वेगळाच ताप. बाबा रोज विचारतात, "ब्रेक बघितलास?" मी चहा प्यायच्या आधी विचारतात, जेवताना विचारतात, मी आंघोळीला निघाले की दारात उभे. आज मी उसळले. "बाबा, तुम्हाला माझ्यावर भरवसा नाही ना? सरळ सांगा ना मग." ते उठून गॅलरीत गेले.

आई माझ्यावरच घसरली. चिडली की ती मालवणीत शिरते. "तेंका कित्याक बोलतंस गो? तेंका आपल्या हातांचो भरवसो रवाक नाय."

ऑपरेशननंतर माणूस हबकतो, ते मलाही कळतं. पण हातांना काय झालंय? मोडला तो खुबा.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज सावंतकाकांनी ब्रेक खोलले. पायाच्या ब्रेकचे रबर, पाइप सगळे बदलावे लागले, एवढ्या वर्षांत कुजून गेलेले. हँडब्रेक मात्र उघडून त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "हा कोणी बसवला?"

"बाबांनी. पण वापरत नाहीत. आमच्याकडे चारी चाकांना लाकडी पाचर लावतात, बाबांचा नियमच आहे."

"का वापरत नाहीत? इतकं साफ काम आमच्या वर्कशॉपमध्ये करत नव्हते. पोरी, हा ब्रेक जन्मात आपोआप सुटायचा नाही. मुद्दाम दांडा सोडला तरच सुटेल."

म्हटलं, चला, एक तरी चांगली बातमी. संध्याकाळी बाबांना सांगितलं: सावंतकाका म्हणतात, हँडब्रेक एक नंबर बसवलाय, आपोआप सुटणंच शक्य नाही. मला वाटलं खूश होतील. तर त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी काहीतरी वाईट बोलले. "त्याला काय माहीत," म्हणाले आणि जेवले नाहीत.

कौतुक केलं तरी त्रास. ह्या माणसाचं करायचं काय?

गुरुवार, २० नोव्हेंबर

सुरू झाला! सुरू झाला! सुरू झाला!

मंगळवारी चेनपुलीने इंजिन आत उतरवलं, काल पाइप, वायरी, रेडिएटर. आज सकाळी साडेनऊला सावंतकाकांनी बॅटरी जोडली आणि स्टार्टर मारला. पहिल्यांदा नुसतं कण्हला. दुसऱ्यांदा काळा धूर. तिसऱ्यांदा असा गरजला की कुंपणाचे पत्रे थडथडले आणि शेजारच्या गॅरेजमधली माणसं कामं टाकून आली. मी सावंतकाकांना मिठी मारली. ते लाकडासारखे ताठ उभे राहिले, मग माझ्या डोक्यावर दोनदा थोपटलं आणि म्हणाले, "अजून झालं नाही."

दुपारी वाळूची पोती भरून यार्डाच्या मागच्या रॅम्पवर चढवला. चढला. मध्येच थांबवून हँडब्रेक लावला. उभा राहिला, एक इंचही हलला नाही. रस्त्यावर न्यायला त्याचे कागद नाहीत, सेटवर नेहमीसारखा ट्रेलरवरून जाईल, पण तिथे तो आता चालेल! देवेश येऊन बघून गेला, त्याने व्हिडिओ काढून डायरेक्टरला पाठवला.

पाच वाजता सावंतकाका म्हणाले, "झालं."

बाबांना म्हटलं, उद्या टॅक्सीने चला, बघायला. "खुबा दुखतोय," म्हणाले.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

देवेशचा फोन. "गंधाली, काय प्रकार आहे? तुझ्या बाबांचा फोन आलेला. म्हणाले, गाडीत माणसं बसवू नका. का, तर सांगत नाहीत. नुसतं, बसवू नका. मालकच असं बोलला तर मी चौदा लोकं कशी चढवू? पुण्याला एक ट्रक आहे, मी त्यांना थांबवून ठेवलंय. उद्या दुपारपर्यंत सांग."

चार आठवडे! चार आठवडे मी धूळ खाल्ली, काळी-निळी झाले, सातच्या आधी उठले, आणि आता, सगळं झाल्यावर, ह्यांनी माझ्या पाठीमागे फोन केला. घरी गेले तर झोपलेले, किंवा झोपल्यासारखे. आईला विचारलं तर डोळ्याला पदर. एवढी चिडलेय की लिहिताना पेनाने कागद फाटतोय.

त्यांना धंदा मला द्यायचाच नाही. बस. हेच आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सगळं नीट, क्रमाने लिहिते.

सकाळी नऊ. बाबा हॉलमध्ये चहा-खारी घेऊन बसलेले, आई बाजूला बिरड्याचे वाल सोलत होती. मी उभ्यानेच विचारलं, "देवेशला फोन का केलात?"

"माणसं बसणार म्हणून."

"ब्रेक सावंतकाकांनी स्वतः बघितलेत. दोनदा."

"मीही बघितला होता," बाबा म्हणाले. "त्या दिवशी. सकाळी ह्या हातांनी आवळला आणि दुपारी सुटला. तू तिथेच होतीस."

ते खाली कपाकडे बघत बोलत होते. "चाक हातभर इकडे आलं असतं तर पायावर भागलं नसतं. तू हॉस्पिटलात होतीस तेव्हा मी रोज जाऊन तो ब्रेक खोलायचो. खोलायचो, जोडायचो, परत खोलायचो. चूक सापडेना. सापडली असती तर दुरुस्त केली असती गं, मोकळा झालो असतो. पण ज्याच्या हातून चूक झाली त्यालाच ती दिसत नसेल तर तो हात काय कामाचा? म्हणून इंजिनच काढलं. म्हटलं, ही गाडी परत माणसं घेऊन चढायलाच नको."

सिमेंट. पाचरी. पुतळे. सपाट जागा. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी बघत नव्हते. खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा मनात आलं की गप्प बसावं, हे असंच जाऊ द्यावं. सोळा वर्षं गेलीच आहेत.

मी खाली बसले आणि म्हटलं, "बाबा, तो आपोआप सुटला नव्हता. मी सोडला."

आईच्या हातातला वाल टुणकन उडाला.

"मी आत होते. ड्रायव्हरच्या सीटवर. खेळत होते. तुम्ही माराल म्हणून बाजूला उभी होते असं सांगितलं."

मला वाटलं ओरडतील. काठी फेकतील. बाबांनी विचारलं, "चाप दाबलेलास?"

"काय?"

"दांड्याच्या मुठीला चाप असतो. तो दाबल्याशिवाय दांडा खाली जात नाही. दाबलेलास?"

"हो. दोन्ही हातांनी. जाम घट्ट होता."

"घट्ट होता?"

"खूप. मी सीटवर उभी राहून लोंबकळले दांड्याला, तेव्हा कुठे गेला."

बाबा आईकडे वळले. "कुंदा, ऐकलंस? लोंबकळली म्हणे. लोंबकळली, तेव्हा सुटला." त्यांच्या हनुवटीचं हलणं थांबेना. "मग सुटणारच. लोंबकळल्यावर कुठलाही सुटेल." हे वाक्य ते तीन-चार वेळा बोलले. आई नुसती "गो बाये माझे, गो बाये माझे" करत होती आणि मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून भोकाड पसरलं. एकोणतीस वर्षांची बाई. वाल सगळीकडे.

मग बाबांनी फोन मागितला. देवेशला लावला. "तळगावकर बोलतोय. माणसं बसवा. चौदा काय, वीस बसवा." आणि ठेवून दिला.

साडेअकराला ते आत जाऊन पडले आणि चार वाजेपर्यंत झोपले, घोरत. आई दोनदा जाऊन बघून आली. म्हणाली, ह्यांना घोरताना तिने कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं, रात्रभर कूस बदलत असायचे. हे तिने आज सांगितलं. सोळा वर्षं एकाच घरात राहतो आम्ही तिघं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

गोरेगावच्या बाजूची टेकडी. आम्ही साडेसहालाच हजर.

बाबा काल यार्डात येऊन सगळं बघून गेले होते, सावंतकाका आणि ते दोघं तासभर हँडब्रेकपाशी वाकून असं काही बोलत होते की मला मध्ये जागाच नव्हती. आज सेटवर बाबा खुर्चीत, काठी आडवी मांडीवर, शेजारी आईने दिलेला डबा.

पहिली अडचण ट्रकची नाही, सावंतकाकांची. ट्रक तेच चालवणार म्हणून त्यांना जवानाची वर्दी दिली. त्यांनी बाहीवर बघितलं तर एक पट्टा, म्हणजे लान्स नायक. "मी हवालदार आहे," म्हणाले, "मला तीन पट्टे लागतात. तोपर्यंत मी गाडीत बसणार नाही." देवेशने सांगितलं की काका, सिनेमा आहे, कोण बघतंय. "मी बघतोय," म्हणाले. अर्धा तास सगळं युनिट थांबलं, कपडेवाल्याने कुठून तरी तीन पट्टे आणून टाचले, मग हवालदारसाहेब चढले.

चौदा जण मागे बसले. मी चौदाही तोंडं बघून घेतली. कोणी गाणं गुणगुणत होता, एक जण वडापाव संपवत होता. मग अ‍ॅक्शन, आणि ट्रक निघाला. खडीवर चाकं जरा फिरली, धरली, आणि आमचा शक्तिमान तो चढ असा चढून गेला की जणू कधी थांबलाच नव्हता. वर जाऊन उभा राहिला, हँडब्रेक लागल्याचा कर्रर्र आवाज खालपर्यंत आला, जवान पटापट उड्या मारून उतरले. कट. टाळ्या. मी मटकन दगडावर बसले.

डायरेक्टरने आणखी एकदा घ्यायचं ठरवलं. ट्रक मागे-मागे खाली येत होता आणि मला दिसलं की माझी पाण्याची बाटली वाटेत पडलीय. मी ती उचलायला पळाले.

"गंधाली!"

टेकडीवरचे कावळे उडाले. बाबा खुर्चीतून उठून उभे होते. "अक्कल गहाण टाकलीस काय? मागे येणाऱ्या गाडीच्या मागे कोण जातं? डोळे आहेत की बटणं? घोडी झालीस एवढी, धंदा चालवणार म्हणे! हो बाजूला! आणि सोळा वर्षं खोटं बोललीस ते वर! सोळा वर्षं! लाज नाही वाटली? घरी चल, बघतो तुला!"

शंभर माणसांचं युनिट माझ्याकडे बघतंय. सावंतकाकांनी ट्रक जागच्या जागी थांबवला होता. मी बाटली हातात धरून उभी.

त्या मार्चपासून बाबा माझ्यावर कधी आवाज चढवून बोलले नव्हते. दहावीला गणितात काठावर पास झाले तेव्हा नाही, पवईची नोकरी सोडली तेव्हा नाही. मला वाटायचं, ह्या माणसाला माझं काही पडलेलंच नाही. ते मला ओरडायला घाबरत होते. मी त्यांच्यावर उपकार करत असल्यासारखी जिवंत होते आणि ते माझ्यापुढे गुन्हेगारासारखे हळू बोलत होते, आणि मी ते ओळखलंच नाही.

देवेश जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मनावर नको घेऊ गं. म्हातारी माणसं असतात अशी. ठीक आहेस ना?"

"ओरडले रे," मी म्हटलं. "बाबा मला ओरडले."

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंड मात्र कानापर्यंत फाकलेलं, त्यामुळे त्याला काय समजावं ते कळेना. तिकडून बाबांचा आवाज अजून चालूच होता. मी बाटली टाकून दिली आणि आणखी ऐकायला त्यांच्याकडे चालत गेले.